रांगेतले देव

आमच्या लातुरात उन्हाळा कॅलेंडरवर येत नाही, टँकरवर येतो. नळाचे दिवस लांबत लांबत जातात आणि मग एका सकाळी नांदेड रोडवर तो ओळखीचा हॉर्न वाजतो. टँकरच्या पोटात पाणी हेंदकाळत असतं, ड्रायव्हरला खेपा वाढवायच्या असतात, त्यामुळे ब्रेक नावाची वस्तू गाडीला आहे हे तो पावसाळ्यापर्यंत विसरून जातो. परवा असाच एक टँकर माझ्या नातीच्या सायकलच्या हँडलला घासून गेला. प्रज्ञा तिसरीत आहे. तिला वाटलं, वारा आला. माझ्या तोंडातून ज्या शिव्या निघाल्या त्या ऐकून ती म्हणाली, "आजी, तू तर शाळेत बाई होतीस ना?"

होते ना. जन्मभर पोरांना शिकवलं, म्हणून तर एवढ्या शिव्या पाठ आहेत.

घरी आल्यावर ही गोष्ट लपली नाही. माझी लेक शांतपणे म्हणाली, "सोमवारपासून व्हॅन." प्रज्ञाने ताट पुढे सारलं आणि तोंड फुगवून बसली. महापालिकेने त्याच रस्त्याच्या कडेला पांढरी रेघ मारून आत सायकलींची चित्रं काढली आहेत. चित्रं सुरेख आहेत. त्यांच्यावर दिवसभर मोटारी उभ्या असतात, म्हणून खरी सायकल टँकरच्या वाटेत येते. मी लेकीला म्हटलं, "सोमवारी मी तिच्या मागून स्कूटी घेऊन जाते. मग ठरव." तिने माझ्याकडे पाहिलं. नांदेड रोड म्हटलं की मला काय आठवतं, हे तिला ठाऊक आहे.

तेव्हा मी प्रज्ञाहून थोडी मोठी होते आणि आमचं लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्याची नवलाई होती. पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवीन रंगवलं जात होतं. कमानी उभ्या राहत होत्या. सायबांच्या जीपगाड्या धुळीचा लोट उडवत जायच्या आणि आम्ही पोरं त्यांच्यामागे पळायचो. मिरवणुकीला गुलाल भरपूर होता. नळाला मात्र पाणी नव्हतं. आडात बादली सोडली की ती तळावर आपटून ठणठण वाजायची आणि बायका दोर ओढतानाच रडायला लागायच्या. आमची बौद्धांची वस्ती गावाबाहेर नांदेडच्या सडकेला लागून होती. जवळची विहीर नारायणअप्पांची. अप्पा जमीनदार शेतकरी, कपाळाला गंध, तोंडाने फटकळ. पण मोटार सुरू केली की हौदाच्या पाइपाखाली आमच्या घागरी लागू द्यायचे. शिवू द्यायचे नाहीत, पण लागू द्यायचे.

जिल्हा झाला म्हणून सडक रुंद करायला काढली होती. दुष्काळी कामावर माझे आईबाप तिच्यासाठीच खडी फोडायचे. आधी सडकेच्या कडेने लिंबाची झाडं होती आणि झाडांखालून मऊ मातीची वाट होती. बैलगाड्या, मेंढरं, सायकली, डोक्यावर हंडा घेतलेल्या बाया, सगळं जग त्या वाटेने जायचं. सडक रुंद झाली, झाडं गेली, वाट डांबराखाली गेली. उरलेल्या जागेत ट्रकवाले दोन्ही बाजूंनी सुसाट यायचे आणि आम्ही कडेच्या खड्ड्यात उतरून उभे राहायचो. ज्यांनी खडी फोडली त्यांनाच त्या सडकेवर पाय ठेवायला जागा नव्हती. याला विकास म्हणायचं, हे पुढे मी वर्गात शिकवलंसुद्धा.

विमलअक्का माझी थोरली बहीण. उंच, काळीसावळी, गालावर खळी. घरात एकच सायकल होती, आमच्या वडिलांची, आबांची, आणि ती चालवायला अक्काच वाघीण होती. शाळेच्या आधी ती अप्पांच्या विहिरीवरून पाणी आणायची. कॅरेजच्या दोन्ही अंगांना दोर बांधून घागरी लटकवायच्या, एक चरवी हँडलला, आणि मग सायकल चालवायची. मागून कॅरेजला हात लावून पळायचं हे माझं काम. सायकलला घंटी होती, पितळी, आबांनी हौसेने बसवलेली. पण ओझ्याची सायकल दोन्ही हातांनी आवळून धरावी लागते. अंगठा घंटीवर न्यायला सवड नसते. अक्का तोंडानेच ओरडायची, "सरका, पानी हाय, पानी हाय."

त्या सकाळी ती तसंच ओरडत होती. मागून ट्रक आला. ट्रकमध्ये खडी होती.

मला धक्का बसला आणि मी खड्ड्यात पडले, म्हणून हे लिहायला उरले. वर आले तेव्हा सायकल मधून मोडून दुमडली होती. एक घागर चपटी होऊन डांबराला चिकटली होती. तिच्यातलं पाणी त्या तापलेल्या सडकेने क्षणात पिऊन टाकलं. रक्त प्यायला तिला वेळ लागला. अक्काचा चेहरा तसाच होता, खळीसकट. चेहऱ्याखाली काय होतं ते मी पाहिलं आहे आणि ते मी कुणाला सांगणार नाही. दुसरी घागर जराशी कलंडून अर्धी भरलेली राहिली होती. गर्दी जमली, रडारड झाली आणि त्या गर्दीत ती घागर कुणीतरी उचलून नेली. नेली ते बरं केलं, वाया गेली असती, असं म्हणावं असा तो उन्हाळा होता.

देव तारी त्याला कोण मारी, म्हणतात. आमच्यापुढे सवाल उलटा होता. ट्रक मारी त्याला कोण तारी?

ड्रायव्हर पळाला. वस्तीतल्या माणसांनी मग जो ट्रक दिसेल त्याच्यावर दगड घातले. काचा फुटल्या, एका क्लीनरचं डोकं फुटलं, टायर पेटले. पोलीस आले आणि त्यांनी घरात घुसून ज्याला त्याला काठीने झोडपलं. माझ्या चुलत्याच्या पाठीवर उठलेले वळ मी हळद लावताना बोटाने चाचपले होते. तरी दुसऱ्या दिवशी सडकेकडेला पुन्हा दगडांचा ढीग जमला, चांगले मोठे, हातात मावतील न मावतील असे. माणसं ट्रकची वाट बघत बसली.

आबा त्या ढिगाजवळ गेले. पोरीला माती देऊन आल्यापासून ते बोलले नव्हते. त्यांनी एक दगड उचलला, सगळ्यांना वाटलं आता हा पहिला घालणार. त्यांनी तो सडकेच्या कडेपासून दोन हात आत नेऊन खाली ठेवला. मग दुसरा त्याच्या पुढे ठेवला.

"फेकला तर एक काच फुटंल," ते म्हणाले. "मांडला तर आतून पोरं जातील."

तशी ती ओळ झाली. वस्तीपासून अप्पांच्या विहिरीपर्यंत आणि उलट्या बाजूला शाळेच्या वळणापर्यंत. डांबराची एक चिंचोळी पट्टी दगडांच्या आत आली. चुन्याची कळी भिजवून दगड पांढरे केले. वस्तीतली प्रत्येक बाई आपल्या दारासमोरच्या दगडांना चुना द्यायला आली. अक्का जिथे गेली तिथला दगड आईने स्वतः ठेवला, सगळ्यांत मोठा, आणि त्याला कुणाला हात लावू दिला नाही.

ड्रायव्हर लोकांना ती मोठी गंमत वाटली. पांढऱ्या दगडाला चाकाने उडवायचं, तो गोटीसारखा खड्ड्यात जाताना बघायचं, आणि हॉर्न वाजवायचा. आम्ही पुन्हा मांडायचो, ते पुन्हा उडवायचे. एक दगड उडून एका म्हातारीच्या घोट्यावर बसला आणि ती पुन्हा सरळ चालली नाही. काहींना परत फेकाफेक सुरू करायची होती. आबांच्या तोंडावर माणसं थुंकायची तेवढी बाकी राहिली होती.

तेव्हा आईने ते केलं. एक दिवस ती कामावर गेली नाही. चालत गंजगोलाईच्या बाजारात जाऊन तिने शेंदूर आणला, गोडेतेलात कालवला आणि पहाटे उठून दगडांना फासायला सुरुवात केली. उजाडेपर्यंत सगळी ओळ लाल झाली होती. आईचं माहेर चाकूरकडचं. लहानपणी वेशीवरच्या शेंदराच्या धोंड्याला वळसा घालून जाणाऱ्या गाड्या तिने पाहिल्या होत्या. ट्रकखाली माणूस आला तर ड्रायव्हर पळतो, पण शेंदराच्या दगडाला चाक लागलं तर खाली उतरून कान धरतो, हे तिला माहीत होतं.

आबांनी तिचे लाल हात पाहिले. माझ्या बापाने धर्मांतराच्या वेळी, मिसरूड फुटायच्या वयात, घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना आईवर हात उगारताना पाहिलं. हात वरच राहिला.

"देव सोडले ना आपण?" ते म्हणाले. "कशापायी सोडले? लोकांनी धोंड्याला पाया पडावं आन् मानसाला तुडवावं, त्यापायीच ना? आन् तू परत धोंडा रंगवून राहिली?"

"मी कुठं मानून राहिले?" आई म्हणाली. "डायवर मानतो ना. माझ्या लेकीसाठी त्यो थांबला न्हाई. धोंड्यासाठी थांबंल."

"हे खोटं हाय."

"खोटंच हाय. इमल खरी होती, तिचं काय झालं?"

त्यावर आबा निघून गेले. कित्येक दिवस त्यांनी तिच्या हातची भाकर खाल्ली नाही. चुलत्याकडे जेवायचे आणि आमच्या ओट्यावर येऊन झोपायचे. दोघांचंही खरं होतं, आणि घरात दोन खरी झाली की लेकरांनी कुणाच्या कुशीत शिरायचं ते कळत नाही.

पण ट्रक वळले. ज्या ट्रकांनी गोट्या खेळल्या तेच दुरून वेग कमी करायला लागले. कुणी खिडकीतून हात जोडायचा, कुणी नारळ फोडून जायचा. आबांची सक्त ताकीद होती, ते खोबरं तोंडात घालायचं नाही. आम्ही अर्थातच खाल्लं.

आणि आतल्या पट्टीवर काय दिवस आले म्हणून सांगू. नवरा पायडल मारतोय, बायको मागे कॅरेजवर, पोरगं दांडीवर फडक्यात गुंडाळून बसलंय, असे संसारच्या संसार त्या पट्टीवरून बिनघोर जायचे. दूधवाले जायचे. आंधळा म्हातारा दगडांना काठी लावत एकटा बाजारला जायला लागला. अप्पांची सून, जिचं तोंड आम्ही कधी पाहिलं नव्हतं, ती पदर खोचून लेकाला सायकलवर बसवून शाळेपर्यंत ढकलत न्यायची आणि आमच्या बायकांशी बोलायची. चुलत्याने मोडक्या सायकलीला नवी नळी लावून दिली. एका दुपारी आई तिच्यावर चढली. नऊवारीचा कासोटा आवळून, ओठ दाबून, दगडाला पाय टेकत टेकत ती शिकली. तिला अक्का शिकवणार होती. पडली की आई त्या मोठ्या दगडाजवळ थोडी बसायची, मग उठायची. ऐन दुष्काळात, पोरगी गेल्यावर, माझी आई सायकल चालवताना मी तिला हसताना पाहिलं आणि मला तिचा रागही आला. आज तो राग येत नाही. माणसाला भ्यावं लागलं नाही की ते हसतंच.

पण आईची एक चूक झाली होती. धर्म सोडून इतकी वर्षं झाली होती की शेंदूर कसा लावायचा हेच ती विसरली होती. देव एखादा असतो, फार तर झाडाखाली दोन-चार. तिने सगळेच्या सगळे फासले. वर ऊन तापलं, शेंदूर ओघळला, आणि खालून आमचा चुना दिसायला लागला. नारायणअप्पा सायकलवरून जाता जाता थांबले आणि हसले, "आरं, देव काय रांगेनं शाळेला निघालेत का?"

हसले, म्हणून आम्हीही हसलो. पण ते वाक्य गावात फिरलं, आणि फिरून आलं तेव्हा त्याच्यात हसू राहिलं नव्हतं. लोक म्हणू लागले, देवाच्या नावाने नारळ घेतात. आमचा शेंदूर यांनी लावला. यांनी, म्हणताना ते जो शब्द वापरायचे तो मी लिहिणार नाही. एका सकाळी मोठा जमाव आला, हातात काठ्या, कुऱ्हाडीचे दांडे. पुढे अप्पाच होते.

"कुणी लावला शेंदूर?" अप्पांनी विचारलं.

बाया घरात पळाल्या. आई पळाली नाही. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुढे पाऊल टाकलं. मी तिच्या लुगड्याला धरून होते, म्हणून मला ते पाऊल कळलं. पण तिच्या आधी आबा ओट्यावरून खाली उतरले.

"मी लावला," ते म्हणाले.

ज्याने देव सोडल्यावर पुन्हा कधी देवापुढे हात जोडले नाहीत, ज्याने त्या शेंदरापायी बायकोचं अन्न सोडलं होतं, त्याने सगळ्या गावासमोर हे सांगितलं. पहिला फटका अप्पांनी मारला. ज्या हाताने पाइपाखाली आमच्या घागरी लागू दिल्या, तोच हात. मग बाकीचे तुटून पडले. आबा डोक्यावर उजवा हात धरून खाली बसले, आणि तो हात मोडल्याचा आवाज मला आला. चुलता मध्ये पडला, त्याचे दात गेले. जमावाने दगड उपटले आणि आमच्याच घरांवर घातले. पत्र्यांतून शेंदराचे धोंडे आत कोसळत होते. चुलीवर, मडक्यांवर, निजलेल्या लेकरांशेजारी. सगळी ओळ अशी आमच्या घरात आली. फक्त अक्काचा दगड हलला नाही, फार जड होता. कुणीतरी म्हणालं, हाच तेवढा खरा देव. त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं, नवीन शेंदूर दिला, आणि भोवती चौथरा बांधायचं ठरवून ते गेले.

पोलिसांनी दोन्हीकडची नावं लिहून घेतली आणि आमचीच ठेवली. आबांना दवाखान्यात आईने नेलं, कॅरेजवर बसवून, ट्रकांच्या मधून, दगडांची ओळ नसलेल्या सडकेवरून. संध्याकाळी ते तिच्या हातची भाकर डाव्या हाताने जेवले. मी विचारलं, "आबा, तुम्ही खोटं का बोललात?" "आता कुनी लावला त्याला काय अर्थ हाय," ते म्हणाले. "पोरं जात व्हती ना बिनघोर?"

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मोटार सुरू केली. काहीच झालं नाही अशा तोंडाने. आई घागर घेऊन गेली. तहान लागली की माणूस कुणाच्या हौदाखाली उभा राहतो, हे मला पुस्तकांच्या आधी कळलं. आबांचा हात सरळ झाला नाही. आबा, आई, अप्पा सगळे गेले. त्या चौथऱ्याचं मंदिर झालं. आधी पत्रे, मग फरशी, मग कळस. जागृत देव आहे म्हणतात. जिल्ह्यात कुणीही नवी गाडी घेतली की पहिली पूजा तिथेच होते. माझ्या आईने गाड्या थांबवायला जो दगड रंगवला, त्याच्या पायाशी आता गाड्यांना हार घालून रस्त्यावर सोडतात. यावर हसावं की डोकं आपटावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. महापालिकेची ती पांढरी रेघ मंदिरापाशी येते, तिथून जाते, आणि तिच्यावर पूजेच्या गाड्या आडव्या लागलेल्या असतात.

सोमवारी मी निघाले. प्रज्ञा पुढे, मी मागे. मंदिरासमोर एक मोठी पांढरी गाडी सायकलच्या वाटेवर आडवी. बॉनेटवर हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू. प्रज्ञा थांबली आणि तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. बाजूने जायचं तर सडकेवर उतरावं लागत होतं, आणि लांबून हॉर्न ऐकू येत होता.

"गाडी मागं घे, बाळा," मी त्या मालक पोराला म्हटलं.

"मावशी, पूजा चालू हाय. दोन मिन्टं. पोरीला खालून जाऊ द्या ना."

"खालून एक पोरगी गेलेली हाय," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की आत घंटा वाजवणारा थांबला. "गाडी काढ."

टँकर आमच्या शेजारून गेला. प्रज्ञाचा फ्रॉक उडाला. मी बॉनेटवर हात आपटला, परत आपटला, हार तुटून झेंडूची फुलं खाली पडली. माणसं जमली. पुजारी बाहेर आला आणि गुरगुरला, "बाई, देवाच्या दारात दंगा करून राहिलात. हा देव कवाचा हाय, कुनी ह्याला शेंदूर लावला, काई ठाव तरी हाय का तुम्हाला?"

"मी लावला," मी म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा उजवा हात आपोआप डोक्यावर गेला आहे. त्या पोराने माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. वेडी म्हातारी समजला असेल, समजू दे. तो गाडीत बसला आणि गाडी मागे घेतली. पांढऱ्या रेघेच्या आत सायकलपुरती जागा झाली.

"जा," मी प्रज्ञाला म्हटलं.

तिच्या सायकलवर ओझं नव्हतं. त्या दगडापाशी तिने घंटी वाजवली.